गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा

2025 च्या मार्चमधली गोष्ट. गोव्यातल्या फोंड्यात माझं छोटं दुकान आहे, झेरॉक्स, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, फ्लेक्स, जे येईल ते. महिन्याच्या शेवटी शेवटी एका नेत्याचा पोरगा आला (नेत्याचा म्हणजे नेत्याच्या मागे फिरणारा), मोबाईलवर मजकूर दाखवला, म्हणाला आठ बाय चारचा फ्लेक्स पाहिजे, संध्याकाळपर्यंत. मजकूर असा: "समस्त फोंडावासीयांना गुढीपाडवा, रमजान ईद व गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा". त्या वर्षी तारखाही तशाच जुळून आलेल्या, 30 मार्चला पाडवा, 31 ला ईद, 18 एप्रिलला गुड फ्रायडे, म्हणजे एका फ्लेक्समध्ये तीन समाज आटोपले आणि दोन फ्लेक्सचे पैसे वाचले. मी पण काही डोकं लावलं नाही. डावीकडे गुढी, मधे चांद-तारा, उजवीकडे क्रूस, खाली साहेबांचा हात जोडलेला फोटो, तो गुढीपेक्षा मोठा. प्रिंट मारला आणि वाळायला दुकानाबाहेर पसरून ठेवला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरची आंटी बाजारातून आली. रिटायर्ड नर्स आहे, सत्तरीची, रोज सकाळी मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणारी. पिशवी खाली ठेवली, चष्मा वर केला, फ्लेक्स वाचला आणि मला म्हणाली, "आरे, आमचो देव मेल्लो दीस तो. ताच्यो कसल्यो शुभेच्छा दिता तूं?"

मी वरमलो. खरंच की, वीस वर्षं हा धंदा करतोय, गोव्यात जन्मलो, गुड फ्रायडेला सुट्टी असते एवढंच आपलं ज्ञान. नावात गुड आहे म्हणून शुभेच्छा. आता समोर टेलर चाचांचं दुकान आहे, ते मशीन थांबवून बघायला आले, रोजा होता त्यांचा, ओठ सुकलेले, तरी हसले आणि हळूच म्हणाले, "भाई, हमारे में तो वो सूली पे चढेच नहीं."

म्हणजे बघा, एकाच फ्लेक्सवर एक म्हणते त्या दिवशी देव मेला, दुसरे म्हणतात त्या दिवशी कोणी मेलंच नाही, आणि मी त्याच्या हार्दिक शुभेच्छा छापून बसलोय.

तो फ्लेक्स मी परत मारला, गुड फ्रायडे काढून ईस्टर टाकला, खर्च माझ्या अंगावर. पण ते दोघांचं एकेक वाक्य काही डोक्यातून जाईना. मग पुढचे दोन-तीन महिने मी दोघांना छळलं, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा. मी काही धर्माचा अभ्यासक वगैरे नाही, प्रूफ वाचणारा माणूस आहे, त्यामुळे माझं सगळं शिक्षण छापखान्याच्या बाजूने झालंय हे आधीच सांगून ठेवतो.

सगळ्यात पहिले डोक्यात हे शिरलं की भांडण क्रूसाचं नाहीच, त्याच्या बरंच मागे, आदमपाशी आहे. आदम आणि हव्वा दोघांकडेही आहेत, बाग आहे, मना केलेलं फळ आहे, सैतान आहे, खाल्लं, बाहेर काढलं, इथपर्यंत गोष्ट एकच. पुढे फाटा फुटतो. आंटीच्या हिशोबाने ते पाप तिथेच संपलं नाही, ते सगळ्या माणसांना वारशाने आलं, जन्मलेलं पोरही त्यात आलं, म्हणून बाप्तिस्मा. आणि हे कर्ज एवढं मोठं की माणसाच्याने फिटणं शक्य नाही, म्हणून देवानेच माणसाचा जन्म घेतला आणि क्रूसावर मरून ते फेडलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. चाचांच्या हिशोबाने आदमने माफी मागितली, अल्लाहने माफ केलं, फाईल बंद. बापाचं पाप मुलाच्या डोक्यावर येत नाही, प्रत्येकाचा हिशोब वेगळा, जो तो आपापला जबाब देईल. आता कर्जच नाही म्हटल्यावर कोणी येऊन फेडायची गरज काय? आणि मग क्रूस तरी कशाला?

हे कळलं तेव्हा मला एकदम लाईट लागली. मला वाटायचं मुसलमान येशूला मानत नाहीत म्हणून क्रूस मानत नाहीत. उलटंच आहे. मानतात, आणि केवढं मानतात! चाचा कधीच नुसतं ईसा म्हणत नाहीत, हजरत ईसा अलैहिस्सलाम असं पूर्ण म्हणतात, मी एकदा घाईत नुसतं येशू म्हटलं तर आंटीपेक्षा त्यांनाच जास्त खटकलं. कुराणात 114 सूरा (म्हणजे अध्याय), त्यातली 19 वी अख्खी मरियमच्या नावाची. कुराणात नाव घेऊन उल्लेख केलेली बाई एकच, आणि ती म्हणजे आपली म्हापशाची नि पणजीची सायबीण (चर्चमधली मरियम माता), तीच मरियम. बापाशिवाय जन्म झाला हे दोघांना मान्य. जिब्रील म्हणजे गॅब्रिएल येऊन सांगून गेला हे दोघांना मान्य. आंधळ्याला दृष्टी दिली, मेलेल्याला उठवलं, मान्य. आणि गंमत म्हणजे तो परत येणार आहे हेही दोघांना मान्य! चाचा म्हणतात अल्लाहने त्यांना जिवंतच वर उचललं, लोकांना भास झाला की सुळी दिलं, कयामतच्या आधी ते परत येतील. म्हणजे दोघंही वाट बघताहेत ती एकाच माणसाची, फक्त आल्यावर तो काय म्हणेल यावर त्यांचं एकमत नाही.

एका दुपारी चाचांनी जन्माची गोष्ट सांगितली. मरियम एकटी, लोकांपासून लांब निघून गेली, कळा सुरू झाल्या तेव्हा खजुराच्या झाडाच्या बुंध्याला टेकली, म्हणाली याआधीच मेले असते तर बरं झालं असतं. तेव्हा खालून आवाज आला, दुःख करू नको, पायाशी झरा आहे, झाड हलव, ताजा खजूर पडेल, खा आणि पी. मग बाळाला घेऊन गावात आली, लोक वाट्टेल ते बोलायला लागले, तर तिने नुसतं बाळाकडे बोट दाखवलं आणि पाळण्यातलं बाळ बोललं.

आंटी ऐकत होती. नाताळात दर वर्षी जिन्याखाली गोठा करते ती, गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, बेथलेहेमची धर्मशाळा भरलेली म्हणून गव्हाणीत ठेवलेलं बाळ, तिची गोष्ट ती. खजुराचं झाड तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. जन्मभर बाळंतपणं केलेली बाई, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "एकटीच आशिल्ली ती? जोजे खंय गेल्लो?" म्हणजे जोसेफ कुठे गेला होता. चाचांनी सांगितलं, आमच्या कुराणात जोसेफ नाहीच. आंटीला ते काही पटलं नाही, पण धर्मासाठी नव्हे बरं का, बाळंतपणाला बाई एकटी सोडली म्हणून.

मग एवढं सगळं सारखं आहे तर अडतं कुठे? एका शब्दावर. पुत्र. मला हे कळलं टायपिंग करताना, कारण दोन्ही मजकूर माझ्याकडे मराठीत करून झालेत. आंटीच्या मिसेत "सत्मानतां" म्हणून म्हणतात, म्हणजे मी काय मानतो त्याची कबुली, त्याच्या मोठ्या पाठाचा पाया 325 साली निकायाच्या धर्मसभेत घातला गेला, 2025 ला त्याला बरोब्बर 1700 वर्षं झाली. त्यात येशूबद्दल आहे की तो पित्यापासून जन्मलेला, घडवलेला नव्हे. आणि चाचांची 112 वी सूरा, चार ओळींची, नमाजात खूप वेळा म्हणतात ती, त्यात आहे की अल्लाह एक आहे, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि तो कुणापासून जन्मला नाही. दोन वाक्यं अशी समोरासमोर ठेवली की अंगावर काटा येतो, जणू एकमेकांचं ऐकून उत्तर दिलंय. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, तीन असून एकच देव, हे आंटीला समजवायला सांगितलं तर ती म्हणते ते समजायचं नसतं, त्याच्यापुढे गुडघे टेकायचे असतात. चाचांना विचारलं तर ते कानाला हात लावतात. अल्लाहच्या बरोबरीला कोणाला बसवणं म्हणजे शिर्क, त्याच्यापुढे दुसरं पाप नाही.

आपल्याला हिंदूंना हे भांडण नीट कळतच नाही, मला वाटतं आपली गोची इथे आहे. देवाने माणसाचा जन्म घेतला, आपण म्हणतो बरं, अजून एक अवतार. पैगंबर आले, आपण म्हणतो बरं, मोठे संत. शिरगावच्या लईराई देवीच्या सात बहिणींतली एक मिराबाई म्हणजेच म्हापशाची मिलाग्रिस सायबीण असं आमच्याकडे लहानपणापासून सांगतात, फेस्ताला (तिच्या जत्रेला) तेल घेऊन जातात, माझी आजी जायची, मी पण गेलोय. त्यात वाईट काही नाही, मला ते आवडतंच. पण मग आपण दोघांना खांद्यावर हात टाकून सांगतो, अरे सगळं सारखंच आहे रे, देव एकच. आणि आपल्याला वाटतं आपण फार मोठं मन दाखवलं. मी हे वाक्य एकदा दोघांसमोर टाकलं. दोघंही माझ्याकडे एकाच नजरेने बघत राहिले, लहान पोराने मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातल्यावर बघतात तसं. त्या दिवशी एकमत झालेलं ते दोघांचं एकमेव, की मला काही कळत नाही.

आता कागदाची गोष्ट, हीच मला सगळ्यात जास्त शिकवून गेली.

रमजानच्या आधी मी सहरी-इफ्तारचं टाईमटेबल छापतो, एक पानी, महिन्याचे तीस दिवस, पहाटे कितीपर्यंत खायचं, संध्याकाळी किती वाजून किती मिनिटांनी सोडायचं. मिनिटाची चूक चालत नाही, प्रूफ तीनदा बघतात. वर बिस्मिल्लाह अरबीत. एकदा शाई फुटली म्हणून शंभरेक पानं खराब गेली, मी नेहमीसारखी रद्दीत टाकली, शेजारचा भजीवाला रद्दी नेतो. चाचांनी बघितलं आणि मशीनवरून उठून आले, काही बोलले नाहीत, एकेक पान वेचलं, झटकलं, सरळ केलं, गठ्ठा बांधून घेऊन गेले. नंतर विचारलं तर म्हणाले, अशी पानं स्वच्छ जागी जमिनीत पुरतात नाहीतर वाहत्या पाण्यात सोडतात, पायदळी येता कामा नयेत. मला लाजल्यासारखं झालं.

मग मी आंटीला विचारलं, तुमच्या गाण्यांची पानं मी छापतो रोमी (इंग्रजी अक्षरांतल्या) कोकणीतली, त्यात बायबलच्या ओळी असतात, ती खराब झाली तर? ती म्हणाली टाक, कागदच तो. बायबल फाटलं तर ती जपून ठेवते, पण तसं घाबरत नाही. मला वाटलं झालं, मुसलमान ग्रंथाला जास्त मानतात, ख्रिश्चन कमी. असं चुकीचं गणित मी आठवडाभर डोक्यात घेऊन फिरलो.

मग मी विचारलं, मिसेत ती पांढरी पातळ चकती देतात, ती खाली पडली तर? आणि आंटीचा चेहराच बदलला. म्हणाली, पाद्री लगेच थांबतो, वाकून स्वतः उचलतो. खाण्यासारखी राहिली नाही तर पाण्यात विरघळवतात आणि ते पाणी गटारात नाही, थेट जमिनीत मुरेल अशा जागी ओततात. कारण ती चकती आता पीठ नाही, ते येशूचं शरीर आहे, आल्ताराजवळच्या (वेदीजवळच्या) पेटीत ठेवतात आणि तिच्यासमोर चोवीस तास दिवा जळतो.

म्हणजे चाचांना जसा तो कागद तशी आंटीला ती चकती! आपण चुकीच्या जोड्या लावत बसतो, शाळेत जोड्या लावा असायचं तसं, बायबलसमोर कुराण, येशूसमोर पैगंबर, चर्चसमोर मशीद, आणि मग काही जुळत नाही. देवाचा शब्द जगात आला हे दोघंही म्हणतात. आंटीकडे तो शब्द माणूस होऊन आला, आणि बायबलमध्ये त्या माणसाची गोष्ट मत्तय, मार्क, लूक, योहान यांनी मागाहून लिहिलेली, म्हणून त्याचं भाषांतर कुठल्याही भाषेत करा, कोकणीत करा मराठीत करा, बायबलच राहतं. चाचांकडे तो शब्द ग्रंथ होऊन आला, 610 सालापासून पुढे बावीस-तेवीस वर्षं थोडं थोडं उतरत, अरबीत, आणि अक्षर न् अक्षर अल्लाहचं, म्हणून भाषांतर हे भाषांतर, कुराण नव्हे. मुहम्मद पैगंबरांनी तो पोचवला, ते स्वतः माणूसच, 632 ला वारले, मदिनेत त्यांची कबर आहे. त्यांची कोणी पूजा करत नाही, केलेली चालतही नाही. आणि येशूची कबर जेरुसलेमला दाखवतात तर तिथे जाऊन लोक काय बघतात, ती रिकामी आहे हे बघतात. आंटी म्हणते सगळा धर्म त्या रिकाम्या खड्ड्यावर उभा आहे. तो भरलेला निघाला असता तर आम्ही सगळे घरी बसलो असतो.

उपासाचं सांगायलाच हवं कारण 2025 ला दोघांचे उपास एकाच वेळी चालले होते. रमजान 2 मार्चला लागला, आंटीचा राखेचा बुधवार 5 मार्चला. आणि 14 मार्चला शुक्रवारी आमची धुळवड, म्हणजे बाहेर शिगम्याचे ढोल, रंग, दुपारी जुम्म्याची नमाज, आणि आंटीच्या घरी शुक्रवारचं मांस बंद. चाचांचा रोजा पहाटेपासून सूर्य बुडेपर्यंत, पाण्याचा थेंब नाही, आणि मार्चचा उकाडा तुम्हाला माहीत आहे, अंगाला शर्ट चिकटतो. आंटीचा चाळीस दिवसांचा करेज्म (ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, राखेच्या बुधवारी सुरू होतो तो), त्यात सक्तीचा असा उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, तोही 18 ते 59 वयाला, दिवसात एकदाच पोटभर. म्हणजे आंटीला तर नियमाने सूटच, तरी ती करते. बाकी शुक्रवारी मांस नाही, पण मासे चालतात. मी म्हटलं आंटी, गोंयकाराला मटण बंद आणि मासे चालू, याला उपास म्हणतात होय? ती म्हणाली, आणि तू एकादशीला साबुदाणा खिचडी वर दाण्याचं कूट घालून खातोस ते काय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिने स्वतःहून चहा सोडला होता चाळीस दिवस, हे मला नंतर कळलं.

तारखांचंही मजेदार आहे. चाचांचं वर्ष शुद्ध चांद्र, साधारण 354 दिवसांचं, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, कधी पावसात, कधी थंडीत. आपण अधिक महिना टाकून गाडी रुळावर आणतो, त्यांच्यात तो टाकायला कुराणाचीच मनाई. आणि ईस्टर, जो मला वाटायचा पक्का इंग्रजी कॅलेंडरवाला, तोही चंद्रावरच निघाला, 21 मार्चला किंवा त्याच्या पुढे येणारी जी पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा रविवार. माझ्या कॅलेंडर छपाईला या तिघांनी मिळून वीस वर्षं त्रास दिलाय.

पैशाचं चाचांकडे गणित एकदम क्लिअर. साधारण 85 ग्रॅम सोन्याच्या किमतीएवढी किंवा जास्त शिल्लक वर्षभर राहिली तर तिच्या अडीच टक्के जकात, ती कोणाला द्यायची तेही ठरलेलं, आठ प्रकारचे लोक कुराणात सांगितलेत. याला ते दान म्हणत नाहीत, म्हणतात तो गरिबाचा हक्कच आहे, माझ्याकडे ठेवायला दिलेला. आंटीच्या चर्चला अशी टक्केवारी नाही, पाकीट येतं (मीच छापतो), ज्याला जमेल तेवढं, आणि डाव्या हाताला कळू नये उजवा काय देतो. धंद्याच्या दृष्टीने सांगतो, मला चाचांचं जास्त पटलं. माणसाच्या मनावर सोडलं की काय होतं ते मी उधारीच्या वहीत रोज बघतो.

पण कबुलीच्या बाबतीत आंटीचं पटलं. तिच्याकडे पाद्रीसमोर गुडघे टेकून तोंडाने सांगावं लागतं मी हे हे केलं, कुमसार म्हणतात, आणि पाद्री देवाच्या नावाने माफ करतो. चाचा म्हणतात मधे माणूस कशाला, तौबा करायची ती थेट अल्लाहकडे. इमाम नमाज पढवतो, पुढे उभा राहतो, पण त्याच्याकडे माफीची चावी नसते, आणि तो लग्न करून पोराबाळांत असतो, पाद्रीसारखा एकटा नाही. तत्त्वाने चाचांचं बरोबर असेल, पण एका जिवंत माणसासमोर मोठ्याने बोलायला जी हिंमत लागते ना, ती मनातल्या मनात सॉरी म्हणण्याला लागत नाही.

आता हे सगळं आंटी आणि चाचांबद्दल झालं, अख्ख्या दोन धर्मांबद्दल नव्हे, हे मला एका गिऱ्हाइकाने शिकवलं. बिलिव्हर होता, ख्रिश्चनच पण कॅथोलिक नाही, प्रार्थनेची पत्रकं छापायला आला. मी चांगलं समजून वर सायबिणीचा फोटो टाकला. म्हणाला काढा, आम्ही मूर्ती मानत नाही, संत मानत नाही, फक्त शब्द. मी मनात म्हटलं हा तर चाचांच्या शेजारी बसायला पाहिजे, पण नाही, पुत्राच्या बाबतीत तो आंटीपेक्षा कडक! आंटी म्हणते आम्ही मूर्तीची पूजा करत नाही, आईचा फोटो भिंतीवर लावतो तसं आहे ते. आणि चाचांच्या लोकांतही दर्ग्यावर चादर घालणारे आहेत आणि त्यांना नावं ठेवणारे आहेत. त्यांची मशिदीची पत्रकं मात्र सगळ्यांची सारखी, माणसाचं चित्र नाही, नुसती अक्षरं नि वेलबुट्टी. खरं सांगतो, डिझाईन म्हणून तीच सगळ्यात सुंदर दिसतात.

फोंड्यात राहून एक गोष्ट न बोलता पुढे जाता येत नाही. आमच्याकडची सफा मशीद 1560 ची, आदिलशाहीतली, चिऱ्याची मोठी तळी आहे तिला. त्याच 1560 ला पोर्तुगीजांनी जुन्या गोव्यात इन्क्विझिशन (धर्माच्या नावाने शिक्षा करणारं न्यायालय) सुरू केलं, ते 1812 पर्यंत चाललं. आणि त्याच 1560 ला कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून आमच्या बाजूला प्रियोळला आला, कारण इकडे तेव्हा पोर्तुगीज नव्हते, आदिलशाही होती. म्हणजे ख्रिस्ताच्या नावाने देवळं पाडत होते तेव्हा आमचा देव मुसलमान राजाच्या मुलखात येऊन राहिला. आणि याच आदिलशाहीने दुसरीकडे काय काय केलं तेही मराठी माणसाला सांगायला नको. राजे लोकांवरून धर्म मोजायला गेलं की कोणाचंच माप बरोबर येत नाही. आंटीला हे माहीत आहे, तिचं आडनाव पोर्तुगीज असलं तरी चारशे वर्षांपूर्वी ते काय होतं ते तिच्या घरात अजून सांगतात. तिच्या देव्हाऱ्यापुढच्या दिव्यात तेल माझ्या आईसारखंच ओतते ती, वात पुढे सारून.

त्या खराब झालेल्या फ्लेक्सचं काय झालं ते राहिलंच. फेकायला जीव होईना, आठ बाय चारचा चांगला जाड माल. पाऊस लागला तेव्हा चाचांनी मागितला आणि दुकानासमोर छप्पर म्हणून बांधला, छापील बाजू खाली, कोरी बाजू आभाळाकडे. त्यामुळे आता चाचांच्या मशीनसमोर कपडे द्यायला उभं राहिलं आणि मान वर केली की साहेब हात जोडून खाली बघतात.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात असाच धो धो पाऊस, तोच पोरगा धावत येऊन त्या छपराखाली उभा राहिला, मोबाईल शर्टाला पुसला आणि तिथूनच मला ओरडून सांगितलं, "अर्जंट आहे, मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा, आठ बाय चार!"

करबला 680 साली झालं, पैगंबरांचे नातू हुसैन तहानेने तडफडत मारले गेले, तो दिवस मोहरमचा दहावा. हे मला आता माहीत होतं. मी चाचांकडे बघितलं. चाचांनी मशीन थांबवलं, त्या पोराचा खांदा धरला आणि त्याला वर बघायला लावलं. त्याने फ्लेक्स वाचला, गुढीपाडवा, रमजान ईद, गुड फ्रायडे, सगळं वाचलं, आणि म्हणाला, "हां, सेम असाच. फक्त साहेबांचा फोटो अजून मोठा पाहिजे."

मी ऑर्डर घेतली नाही. दोन दिवसांनी तिस्कावर (तिठ्यावर) फ्लेक्स लागलेला दिसला, दुसऱ्या कोणाकडून तरी मारून घेतलेला, रंग आमच्यापेक्षा फिके.